नो पार्किंगचं ई-चलन: भरायचं कधी, भांडायचं कधी

चलनाचे पैसे भरले की वाद तिथेच संपतो, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरणं म्हणजे गुन्ह्याची तडजोड करणं. तडजोड झाली की पुढची कारवाई थांबते, आणि तुमच्या तक्रारीकडेही मग कुणी बघत नाही. त्यामुळे 'आत्ता भरून टाकू, अर्ज निवांत करू' हा बेत चालत नाही. आधी ठरवायचं, मगच पैशाला हात घालायचा.

आता आकडे. नो पार्किंगचं चलन बहुतेक वेळा कलम १२२ आणि १७७ लावून येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तडजोडीची रक्कमही तेवढीच आहे. म्हणजे कोर्टात जाऊन हरलात तरी पहिल्या गुन्ह्याला या कलमाखाली ५०० च्या वर दंड बसत नाही. खर्च होतो तो वेळ आणि हेलपाटे. उलट चुकीचं पहिलं चलन गुपचूप भरलं, तर पुढच्या वेळी खरोखर चूक झाल्यावर ती 'दुसरी वेळ' धरली जाते आणि आकडा थेट १,५०० वर जातो. पाचशेसाठी कशाला डोकं लावायचं, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा.

पण त्याआधी चलन खरं आहे का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल पाठवून 'तुमचं चलन यात आहे' सांगणारे मेसेज सरसकट फसवणुकीचे असतात. ती फाईल उघडली की फोनचा ताबा जातो आणि खातं रिकामं होतं. मेसेजमधली लिंक कितीही खरी वाटली तरी दाबू नका. स्वतः ब्राउझर उघडून महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ई-चलन पोर्टल शोधा, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का पाहा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. हेच महाट्रॅफिक अ‍ॅपमध्येही होतं. आरटीओच्या भरारी पथकाने केलेलं चलन मात्र परिवहनच्या राष्ट्रीय ई-चलन पोर्टलवर असतं, म्हणून एकीकडे काही दिसलं नाही तर दुसरीकडेही बघा. फसवणुकीत पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन.

चलन उघडलं की पहिलं काम स्क्रीनशॉट. चलन क्रमांक, दिनांक, वेळ, ठिकाण, कलम, कोणत्या शाखेने केलं आणि जोडलेले फोटो, हे सगळं एकाच दिवशी जपून ठेवा. पुढचा सगळा खटाटोप या सहा-सात गोष्टींवर चालतो.

फोटोत काय दिसतं

रस्त्यावर काय घडलं याला नंतर फारसा साक्षीदार नसतो. ज्याच्या हातात तुमचा अर्ज जाईल तो अधिकारी फोटो उघडणार आणि अर्ज फोटोशी पडताळून बघणार. म्हणून फोटो तुम्हीही त्याच नजरेने बघा.

आधी नंबर. सातारची गाडी एमएच ११, कराडची एमएच ५०, सांगलीची एमएच १०, शेजारी कोल्हापूरची एमएच ०९. पोलिसांच्या ई-चलन यंत्रात नंबर टाकताना १० चे ११ होणं किंवा मालिकेतलं एक इंग्रजी अक्षर बदलणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात लवकर मिटणारी चूक. चलन तुमच्या मोपेडवर आणि फोटोत पांढरी कार, असं असेल तर आरसी जोडा, अर्ज दोन ओळींचा करा. इथे युक्तिवाद लागत नाही. फोटोत पाटी नीट वाचता येत नसेल तर तेही लिहा: 'फोटोतील क्रमांक स्पष्ट नाही, वाहनाचा रंग आणि बनावट माझ्या आरसीशी जुळत नाही.'

एक सावधगिरी. नियमाप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात. देवनागरी आकड्यांची किंवा 'दादा' वाचता येईल अशी वळवलेली पाटी लावून तुम्ही चलनाविरुद्ध अर्ज केलात, तर सोबत जोडलेला तुमच्याच गाडीचा फोटो दुसऱ्या चलनाला पुरेसा असतो. आधी पाटी सरळ करा.

नंबर तुमचाच, मॉडेल आणि रंगही तोच, पण गाडी तिथे नव्हतीच? मग कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. हा विषय दंडाचा राहत नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या आणि ती चलनाच्या अर्जाला जोडा. दोन्ही गाड्यांतला फरक दाखवा: बंपरवरचा ओरखडा, काचेवरचा स्टिकर, चाकांचे कव्हर. चारचाकी असेल तर फास्टॅगचा उतारा कामाला येतो. पुण्यात लक्ष्मी रोडवर चलन झालं त्या वेळेच्या आसपास गाडी साताऱ्याकडच्या आनेवाडी किंवा तासवडे टोलनाक्यावरून गेल्याची नोंद असेल, तर ती बँकेच्या उताऱ्यावर वेळेसकट सापडते. असा पुरावा खोडून काढणं कठीण.

मग वेळ. फोटोवरची वेळ आणि चलन तयार झाल्याची वेळ यांत तासांचं अंतर असेल तर त्याची नोंद करा. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने, कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून ते नंतर यंत्रात चढवू नयेत, असे आदेश दिले होते. निव्वळ या कारणावर चलन आपोआप रद्द होत नाही, पण तुमचा दुसरा मुद्दा भक्कम असेल तर याने त्याला टेकू मिळतो. शिवाय ठिकाण तपासा. चलनावर 'पोवई नाका' असं मोघम लिहिलेलं असतं आणि फोटोत मागे दुकानाची पाटी दिसत असते ती राधिका रोडवरची. मागच्या पाट्या, खांब, झाडं बारकाईने बघितली की गाडी नेमकी कुठे होती ते कळतं.

कलम बघून पुरावा गोळा करा

लोक इथेच घसरतात. 'तिथे बोर्डच नव्हता' हे एकच वाक्य सगळीकडे वापरतात. ते कधी चालतं, कधी अजिबात चालत नाही.

चलनावर कलम ११९ असेल तर आरोप आहे वाहतुकीच्या चिन्हाचं पालन न केल्याचा. इथे बोर्डच सगळं काही. बोर्ड नसेल, पडलेला असेल, रंग उडालेला असेल, लिंबाच्या फांदीत किंवा कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेला असेल, तर तुमची बाजू खरी आहे. फ्लेक्सवाल्या साहेबांचा चेहरा फोटोत नीट येऊ द्या. बोर्ड कशामागे लपला ते मग अर्जात वेगळं सांगावं लागत नाही.

कलम १२२ वेगळं आहे. सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने गाडी सोडून जाणं, असा त्याचा आशय. यात बोर्डाचा उल्लेखच नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात, वळणावर, पुलावर, फूटपाथवर, बसथांब्यावर, झेब्रा पट्ट्यावर किंवा आधीच लावलेल्या गाडीला समांतर दुसरी रांग करून गाडी लावली, तर बोर्ड असो-नसो, चलन टिकतं. अशा जागा ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स २०१७ मध्येही दिलेल्या आहेत, आणि त्या मोडल्या तर कलम १७७-अ लागू शकतं. तिथे दंड किमान ५०० आणि कमाल १,००० रुपये आहे. कलम १२२ ला उत्तर द्यायचं तर 'अडथळा झाला नाही' हे दाखवावं लागतं: गाडी रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्याच्या आत होती, शेजारून वाहनं जात होती, कुणाचं दार अडलं नव्हतं. पोलिसांच्याच फोटोत हे दिसत असेल तर तो फोटो तुमचा पुरावा.

जागा सार्वजनिक नव्हती, हाही मुद्दा असू शकतो. कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली जागा. सोसायटीच्या फाटकाच्या आत लावलेल्या गाडीवर चलन आलं तर सोसायटीचं पत्र आणि जागेचा नकाशा जोडा. दुकानापुढची मोकळी जागा मात्र मालकाची असली तरी लोक तिथून येतात-जातात, त्यामुळे तो मुद्दा कच्चा.

पी-१, पी-२ असे बोर्ड असलेल्या रस्त्यांवर सम-विषम तारखेची गंमत असते. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. इथे बहुतेक वेळा चूक आपलीच असते. तरी एक फट आहे: बोर्ड एकाच टोकाला असणं. मोती चौकाच्या बाजूने किंवा सांगलीत गणपती पेठेच्या बाजूने गल्लीत शिरणाऱ्याला बोर्ड दिसतच नसेल, तर तुम्ही ज्या बाजूने आलात त्या बाजूने चालत जाऊन व्हिडिओ काढा. एकाच फोटोत 'बोर्ड नाही' सिद्ध होत नाही. वळणापासून गाडीच्या जागेपर्यंत न थांबता काढलेल्या व्हिडिओत होतं.

फोटो काढण्याची रीत सांगायलाच हवी, कारण चांगल्या केसेस यातच वाया जातात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. आठवड्याने गेलात तर नवा बोर्ड लागलेला असतो आणि तो तेव्हाही होता असंच सगळे धरून चालतात. तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारं जीपीएस कॅमेऱ्याचं अ‍ॅप वापरा. चार फोटो पुरे: गाडीची जागा, तिथून डावीकडे पूर्ण रस्ता, उजवीकडे पूर्ण रस्ता, आणि सगळ्यात जवळचा बोर्ड, त्याच्यापासूनचं अंतर कळेल असा. मूळ फाईल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या फोटोतून तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गाडी पैसे देऊन पार्किंगला लावली होती तर ती पावती सोन्याची. तिच्यावर वेळ नसेल तर यूपीआयच्या व्यवहारावर असते.

आणि ही कारणं लिहू नका: फक्त पाच मिनिटं लावली होती, चारी इंडिकेटर चालू होते, बाकीच्यांनीही लावल्या होत्या, आत औषध आणायला गेलो होतो. यातलं एकही कारण गुन्हा नव्हता असं सांगत नाही. चारही कारणं गाडी तिथे होती हे कबूल करतात. गाडी बंद पडली होती हे कारण चालू शकतं, पण सोबत मेकॅनिकचं त्या दिवशीचं बिल किंवा क्रेनवाल्याची पावती हवी.

बोर्ड आहे, पण त्यामागे आदेश आहे का

हा मुद्दा फार कमी लोक काढतात. नो पार्किंग कुणीही बोर्ड ठोकून जाहीर करू शकत नाही. वाहतुकीवर निर्बंध, चिन्हं आणि वाहनतळ यांची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ मध्ये आहे, आणि त्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. सातारा आणि सांगली दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे असा कागद जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दप्तरात शोधायचा. दुकानदाराने स्वतःच्या दारापुढे साखळी बांधून लावलेल्या 'नो पार्किंग' पाटीला काडीचाही आधार नसतो. पण त्याचं प्रवेशद्वार अडवलं असेल तर कलम १२२ आहेच.

आदेशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय यांच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागणी नेमकी ठेवा: 'अमुक चौक ते तमुक दुकान या भागात वाहने उभी करण्यास मनाई करणाऱ्या आदेशाचा क्रमांक, दिनांक व साक्षांकित प्रत.' 'का केलं', 'योग्य आहे का' असले प्रश्न विचारले की उत्तर मिळत नाही. बोर्ड कधी लावला हे विचारायचं असेल तर ते वेगळ्या अर्जात: साताऱ्यात नगरपरिषदेला, सांगली-मिरजेत महानगरपालिकेला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर.

'अशी माहिती अभिलेखात आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा. कोर्टापर्यंत गेलात तर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसेल. मात्र गणेशोत्सव, मिरवणूक किंवा सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या दिवसांसाठी तात्पुरते आदेश निघतात आणि ते वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या दिवसाचं चलन असेल तर आधी पेपर चाळा.

माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत तक्रारीचा अर्ज अडवून ठेवू नका. चलनाला आव्हान देण्याच्या मुदती नियमांत बदलत आल्या आहेत. तुमच्या चलनावर आणि पोर्टलवर जी तारीख छापली असेल तीच तुमची मुदत, आणि पहिल्या आठवड्यात अर्ज गेला तर मुदतीचा प्रश्नच येत नाही.

अर्ज

अर्ज एका पानाचा. पोलिसांच्या उद्धटपणाचं वर्णन, शहरात पार्किंगच नाही हा निबंध, कर भरतो ही आठवण, यातलं काही नको. तेही खरं असेल, पण चलन रद्द करणाऱ्याला त्याच्या फाईलवर एक कारण लिहावं लागतं. ते कारण तुम्ही तयार करून द्यायचं. साधारण असा:

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
वाहतूक नियंत्रण शाखा, सातारा.

विषय: ई-चलन क्र. ____, दि. ____ रद्द करणेबाबत.

महोदय,
मी वाहन क्र. एमएच ११ ____ चा नोंदणीकृत मालक आहे. सदर वाहनावर दि. ____ रोजी ____ वाजता ____ या ठिकाणी कलम ____ अन्वये ई-चलन करण्यात आले आहे. चलनाची रक्कम भरलेली नाही.
सदर चलन मला मान्य नाही. कारण: चलनासोबतच्या छायाचित्रातील वाहन क्र. ____ असून ते माझे वाहन नाही. / सदर ठिकाणी मनाई दर्शवणारा फलक दि. ____ रोजी नव्हता. / सदर वेळी वाहन ____ येथील अधिकृत वाहनतळावर होते.
पुराव्यादाखल सोबत १) चलनाची प्रत २) आरसीची प्रत ३) छायाचित्रे ____ नग ४) ____ जोडले आहे.
तरी सदर चलन रद्द करून तसे लेखी कळवावे, ही विनंती.

कारणांपैकी एकच ठेवा, बाकीची खोडा. 'माझी गाडी नव्हतीच आणि असली तरी बोर्ड नव्हता' असं दुहेरी लिहिलं की दोन्ही मुद्दे पातळ होतात.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच म्हणून परत आणा. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं तर नम्रपणे आवक विभाग विचारा. तिथेही घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. त्याच दिवशी महाट्रॅफिक अ‍ॅपवरच्या तक्रारीच्या पर्यायातही तोच मजकूर आणि तेच फोटो टाका, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. चौकातल्या हवालदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण यंत्रात एकदा तयार झालेलं चलन त्याला पुसता येत नाही. ओळखीच्या पुढाऱ्याचा फोनही तिथे फारसा चालत नाही, त्याचं कारणही तेच.

अर्ज कुठे द्यायचा हे चलन कुणी केलं त्यावर. सातारकरांच्या आणि सांगलीकरांच्या बऱ्याच चलनांचा जन्म पुण्यात झालेला असतो. ते चलन पुणे शहर वाहतूक शाखेकडेच जातं; साताऱ्यातल्या शाखेला त्यात काही करता येत नाही. अशा वेळी अ‍ॅप आणि पोस्ट यांवरच भर द्या. पाचशे रुपयांसाठी पुण्याच्या फेऱ्या मारण्यात शहाणपण नाही, अपवाद एकच: गाडी तुमची नसताना आलेलं चलन. ते भरलं तर दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या नावावर बसतो.

गाडी उचलून नेली तर

कलम १२७ प्रमाणे मनाईच्या जागी लावलेली गाडी उचलायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आदेश लागतो. टोइंग गाडीवरची खासगी पोरं स्वतःच्या मनाने गाडी उचलू शकत नाहीत. उचलण्याचा खर्च मालकाकडून वेगळा घेता येतो, म्हणून तिथे दोन रकमा असतात: दंड आणि टोइंग. दोन्हींची पावती मागा. गाडी सोडवायला पैसे भरावेच लागले तर दंड 'थकीत' ठेवून फक्त टोइंगचे भरता येतात का ते आधी विचारा; दंडही भरला तर वरचा सगळा वाद संपला. आवारातून गाडी बाहेर काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, हँडल लॉक आणि आरसा तपासा. फाटकाबाहेर पडल्यावर दाखवलेला ओरखडा कुणी मान्य करत नाही.

अडवलं असताना जागेवर पैसे भरण्याची सक्ती नाही. 'चलन थकीत ठेवा' असं सांगता येतं. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवली तरी चालतात.

कोर्ट आणि लोकअदालत

अर्ज फेटाळला गेला किंवा उत्तरच आलं नाही, तर प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतं. आधी व्हर्च्युअल कोर्टाकडे, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाकडे, गेलं असेल तर तिथे दोन पर्याय येतात, दंड भरणं किंवा केस लढवणं. लढवणं निवडलं की ते नेहमीच्या कोर्टाकडे वर्ग होतं. समन्स नीट वाचा. कलम २०८ प्रमाणे गुन्हा कबूल करून दंड पोस्टाने पाठवण्याची सोय त्यात दिलेली असते. तुम्हाला लढायचं असेल तर त्या कबुलीच्या जागी सही करू नका. वकील देणं बंधनकारक नाही. साध्या नंबरच्या चुकीसाठी स्वतः उभं राहिलात तरी चालतं.

कोर्टात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा, त्यामुळे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलंय का विचारा. पूर्वीच्या कायद्यात हेच ६५-ब होतं. फोटो कुणी, कोणत्या उपकरणाने काढला, त्यात फलक दिसतो का, अडथळा कुणाला झाला, एवढे चार प्रश्न पुरतात. 'गाडी मी चालवत नव्हतो' एवढ्यावर सुटका होत नाही, कारण कलम १३३ प्रमाणे कोण चालवत होतं हे सांगणं मालकाचं काम आहे.

जुन्या चलनांना आणखी एक बाजू आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण या मुदतीने पोर्टलवरची नोंद आपोआप पुसली जात नाही. तीन वर्षांपूर्वीचं चलन गाडी विकताना आडवं येतं ते त्यामुळेच, आणि तिथे कोर्टात जाण्यापेक्षा लोकअदालत बरी पडते.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा होते. थकीत चलनं दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात केस दाखल होण्याआधीची, प्रकरणं म्हणून तिथे घेतली जातात आणि रकमेत सवलत मिळू शकते. साताऱ्यात जिल्हा न्यायालयात आणि सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तारीख विचारा. इथे लढत नसते, तडजोड असते. निवाड्यावर अपील नाही. म्हणून खरोखर चुकीचं चलन तिथे नेऊ नका. चूक आपलीच आहे आणि पाच-सहा चलनं साठली आहेत, अशांसाठी ती जागा.

रद्द झाल्यावर

चलन रद्द झाल्याचं तोंडी सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. पंधरा दिवसांनी पोर्टल उघडून ते थकीत यादीतून गेलंय का बघा. गेलं नसेल तर पोच आणि लेखी उत्तर घेऊन पुन्हा त्याच शाखेत. ही कागदं गाडी विकेपर्यंत आरसीसोबत ठेवा.

आणि विकलेल्या गाडीचं चलन येत असेल तर सगळा रोख वेगळा. विक्रीचा करार, स्टॅम्पपेपर, दिल्या-घेतल्याचा फोटो याने भागत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ वर, आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म ३० लागतो. कळवल्याची पोच असेल तर ती अर्जाला जोडा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्या. नसेल तर चलनाच्या आधी साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या आरटीओत नाव बदलण्याचं काम सुरू करा. तोवर येणारं प्रत्येक चलन तुमच्याच मोबाईलवर येणार.